पोरगं वाया जातं ते वस्तीमुळे की स्वतःच्या मर्जीने?

लालबागकर: मोबाईल खेचणारं पोरगं सापडलं की लगेच सुरू, 'आईबापाचे संस्कारच नाहीत'. अरे १९८२ चा संप आठवा. गिरण्या बंद, घरात पगार नाही, कालपर्यंत व्यायामशाळेत नि गणपती मंडळात असलेली पोरं, त्यातली काही सरळ टोळ्यांत गेली. संस्कार काय वर्षभरात आटले? नाक्यावरच्या भाईशिवाय खिशात पैसे टाकणारं कोणी उरलं नव्हतं.

माहीमची स्मिता: 'त्यातली काही' हे तुम्हीच लिहिलंत. संपात अडीच लाखाच्या आसपास कामगार होते, सगळ्यांची पोरं भाई झाली का? माझे सासरे गिरणीतलेच, दीर वडापावच्या गाडीवर उभे राहिले पण कोणाच्या पाकिटाला हात नाही लावला. गरिबीचं कारण देणं हा सरळमार्गी गरिबांचा अपमान आहे, स्पष्टच बोलते. आणि चेन खेचताना जिची मान कापली तिने काय वस्तीचा सर्व्हे करत बसायचं?

मास्तर गोवंडी: ताई, त्या बाईचं दुःख कोण नाकारतंय. पण इथलं सांगतो. मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वयाचा, आठवी झाली की पालिकेच्या बऱ्याच शाळा संपतात, नववीची फी भरायची कोणी, आणि धड मालक अठराच्या आत कामावर घेत नाही, मग मधली वर्षं पोरगं देवनारच्या डम्पिंगवर भंगार वेचतं नाहीतर बटनच्या, म्हणजे नशेच्या गोळ्यांची पार्सलं पोचवतं. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा पूर्ण झाले नि गुन्हा किमान ७ वर्षं शिक्षेचा असला तर बाल न्याय मंडळ त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायला पाठवू शकतं.

कांदिवली काका: मग पुण्याचा पोर्शे गाडीचा अपघात? मे २०२४, दोन जीव गेले, मुलगा सतरा वर्षांचा, घरात कशाची कमी होती?? लाड नडतात, गरिबी नाही.

लालबागकर: काका, त्या केसमध्ये जामीन किती तासांत झाला बघा, अटीत ३०० शब्दांचा निबंध! आमच्याकडच्या पोराला न्यायला घरचं कोणी वेळेत पोचलं तरी नशीब. वर कायद्यातच आहे, सुटल्यावर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं वाटलं तर जामीन नाकारता येतो. संगत म्हणजे काय, तर त्याची गल्लीच. जामीन न मिळालेल्या पोरांना ठेवतात त्या डोंगरीच्या निरीक्षणगृहात मग कोण राहणार ते तुम्हीच सांगा.

माहीमची स्मिता: मग त्याच गल्लीत परत सोडायचा, जिथे तोच भाई उभा आहे? माझ्या मते मंडळ बरोबर करतं. पण मास्तर, पार्सल देणारा पंचविशीचा माणूस कधी आत गेलेला पाहिलात का?

मास्तर गोवंडी: कायद्यात आहे ताई, मुलांकडून नशेचा माल विकवला तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आमच्या शाळेतली पोरं उचललेली पाहिलीत. तो माणूस अजून नाही.