गच्चीवरची टाकी भरल्याचा संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवायचा आहे; सल्ला हवा

गच्चीकर:
नमस्कार. सोलापूरला आमच्या घराच्या गच्चीवर एक हजार लिटरची टाकी आहे. नळाला पाणी ठरलेल्या दिवशी येते, पण वेळेचा भरवसा नाही, त्यामुळे माझे वडील वयाच्या ७२ व्या वर्षी लोखंडी शिडी चढून झाकण उघडून पाहतात, आणि हे मला पुण्यात बसून थांबवायचे आहे. टाकी रिकामी होत आली किंवा भरली, की घरच्यांना आपोआप संदेश जावा, अशी माझी कल्पना आहे. आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर दिवे लावण्या-विझवण्याइतका अनुभव मला आहे आणि डागही (सोल्डरिंग) बरा देता येतो. पाण्याची पातळी मोजायला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) सेन्सर आणि इंटरनेटसाठी ईएसपी८२६६ ही वायफायची चिप वापरावी असे मनात आहे. संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे बरे की ट्विटरवर (आताचे एक्स), हा पहिला प्रश्न. आणि सेन्सरची निवड योग्य आहे का, हा दुसरा.

तपकीर गल्ली:
ट्विटरचा विचार सोडून द्या. घरातील वस्तूंना बोलते करण्याच्या या छंदाची सुरुवात मात्र तिथेच बहरली, हे खरे. लिमोर फ्रीड आणि फिलिप टोरोनी यांनी २००९ मध्ये साध्या वीजमापकात फेरफार करून रोजचा वीजवापर ट्विट करणारे यंत्र दाखवले होते. यंत्रांना छोटे संदेश पाठवता यावेत म्हणून बनलेल्या एमक्यूटीटी या प्रोटोकॉलचे एक जनक अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क यांचे इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील घरही ट्विट करत असे. २०२३ मध्ये ट्विटरने जुनी मोफत एपीआय (प्रोग्रामला थेट ट्विट करू देणारी) सुविधा बंद केली आणि असे कित्येक प्रकल्प एका फटक्यात मुके झाले. शिवाय तुमची टाकी रिकामी आहे हे जगाला कळून उपयोग काय?

व्हॉट्सअ‍ॅपचा अधिकृत मार्ग व्यवसायांसाठी आखलेला आहे. आपणहून पाठवायच्या संदेशांचे नमुने आधी मंजूर करून घ्यावे लागतात. अनधिकृत लायब्ररी भरपूर मिळतात, पण त्यांच्यामुळे क्रमांकावर बंदी येऊ शकते, आणि तो क्रमांक वडिलांचा असला तर घरात काय ऐकावे लागेल हे मी सांगायला नको. टेलिग्राम घ्या. टेलिग्रामच्याच बॉटफादर या खात्याकडून पाच मिनिटांत बॉट (आपोआप संदेश पाठवणारे खाते) तयार होतो, त्याचा टोकन (गुप्त संकेत) मिळतो आणि एका एचटीटीपीएस विनंतीत संदेश जातो. तो टोकन म्हणजे घराची किल्ली समजा. कोड कोठेही सार्वजनिक ठेवण्यापूर्वी तो काढून टाका, आणि चुकून गेलाच तर बॉटफादरकडूनच रद्द करून नवा घ्या.

सेन्सरबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. एचसी-एसआर०४ उघडा असतो आणि टाकीच्या झाकणाखाली सतत दव साचते, त्यामुळे तो तिथे फार टिकत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक प्रकार टिकतो, पण साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतले अंतर त्याला मोजता येत नाही, आणि भरलेल्या टाकीतले पाणी झाकणापासून बहुधा त्याहून जवळच असते. म्हणजे जी बातमी तुम्हाला सर्वांत जास्त हवी, नेमकी तीच चुकणार. तुम्हाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: तळ दिसू लागला आणि टाकी भरली. त्यासाठी दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे) पुरतात, एक तळापासून वीतभर वर आणि दुसरा ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या थोडा खाली.

धूर आणि डाग:
फ्लोट स्विचचा आणखी एक फायदा नमूद करतो. त्यात चुंबकाने उघडझाप करणारा साधा संपर्क असतो, त्यामुळे त्याच्या तारा गच्चीवरून पंधरा-वीस मीटर खाली आणून ईएसपी थेट राउटरशेजारी ठेवता येतो. मी माझ्या घरी बोर्ड टाकीजवळ ठेवण्याचा हट्ट केला होता. दोन स्लॅबमधून वायफाय जेमतेम पोहोचत असे, आणि मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिकचा डबा इतका तापला की आतला गरम गोंद वितळून सेन्सर पाण्यात पडला.

केबल कॅट-६ ची (नेटवर्कची) घ्या आणि मोटारीच्या वायरिंगपासून लांबून आणा. स्विच नोडएमसीयूच्या (ईएसपी८२६६ बसवलेल्या बोर्डच्या) डी५ आणि डी६ या पिनांवर जोडा. डी३, डी४ आणि डी८ टाळा, कारण बोर्ड सुरू होताना त्या पिनांची स्थिती तपासली जाते. डी३ वरचा स्विच त्या क्षणी ग्राउंडला (बोर्डच्या जीएनडी पिनाला) जोडलेला असला, तर बोर्ड प्रोग्राम चालवण्याऐवजी नवा प्रोग्राम भरून घेण्याची वाट पाहत बसतो. लाईट गेली आणि आली की नेमके हेच होते, आणि आपण मात्र दोष कोडमध्ये शोधत राहतो. लांब तारांसाठी बोर्डच्या आतल्या पुल-अपवर (स्विच उघडा असताना पिन वरच्या व्होल्टेजला धरणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका. प्रत्येक पिनाला ३.३ व्होल्टकडे १० किलो-ओहमचा रेझिस्टर बाहेरून लावा. पाणी पडत असताना लाटांमुळे फ्लोट डुचमळतो, म्हणून स्थिती सलग ३० सेकंद टिकली तरच ती खरी माना. संदेशही स्थिती बदलल्यावर एकदाच पाठवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे घर तो ग्रुप म्यूट करून मोकळे होईल.

निळी नळी:
वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. दोन स्विचमुळे शिडी थांबेल, पण गळती कळणार नाही. माझ्या टाकीची पातळी मी थिंगस्पीक या आकडे साठवून आलेख काढणाऱ्या संकेतस्थळावर दर पाच मिनिटांनी नोंदवतो. त्यांच्या मोफत खात्यात १५ सेकंदांच्या अंतराने नोंद करता येते, म्हणजे तक्रारीला जागा नाही. रात्री सगळे झोपलेले असताना आलेखाची रेघ तिरकी उतरताना दिसली, तेव्हाच फ्लशच्या टाकीचा वॉशर गेल्याचे लक्षात आले. फक्त हा आलेख खासगी ठेवा, कारण पाण्याचा वापर चार दिवस शून्य दिसला की घर बंद आहे हे कोणालाही समजते. अल्ट्रासॉनिक वापरलाच, तर तापमानाचा हिशेबही धरा: २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि ४५ अंशांना तो ३५८ च्या आसपास जातो, म्हणजे एक मीटरमागे चार सेंटिमीटरहून अधिक चूक.

गच्चीकर:
सर्वांचे आभार. दोन फ्लोट स्विच लावले. सगळे मिळून हजार रुपयांच्या आत बसले. राउटर आणि बोर्ड दोन्ही एका लहान यूपीएसवर ठेवले आहेत, कारण आमच्याकडे पाणी आणि लाईट एकाच वेळी असतीलच असे नाही. तीन आठवडे संदेश व्यवस्थित येत होते. परवा माझ्या बहिणीने ग्रुपमध्ये नव्या सदस्यांना जुने संदेश दिसावेत अशी सेटिंग बदलली, आणि तेव्हापासून बॉट गप्प आहे. टोकन तोच आहे, बोर्डवरचा दिवाही लुकलुकतो.

तपकीर गल्ली:
त्या सेटिंगमुळे साधा ग्रुप सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला आणि त्याचा आयडी बदलला. टेलिग्रामकडून येणारे उत्तर सीरियल मॉनिटरवर (संगणकावर बोर्डचा मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) छापून पाहा. त्यात मायग्रेट_टू_चॅट_आयडी या नावापुढे उणे १०० ने सुरू होणारा नवा आकडा असेल, तो कोडमध्ये घाला. आकडा ३२ बिटांत मावत नाही, त्यामुळे तो इंटमध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) न ठेवता स्ट्रिंग (मजकूर) म्हणून ठेवा.

गच्चीकर:
आकडा मिळाला, आणि तो मी खरोखरच इंटमध्ये ठेवला होता. स्ट्रिंग केल्यावर पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी ‘टाकी भरली’ असा संदेश आला.