मदत हवी आहे: स्नॉर्केलिंगचं सामान भाड्याने की विकत?

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. नाताळच्या सुट्टीत घरचे सगळे गोव्याच्या ग्रँड आयलंड बेटाला स्नॉर्केलिंगला (मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखालचं बघत पोहायला) जायचं म्हणतायत. बोटवाले मास्क-नळी देतात, पण कुणाकुणाच्या तोंडातली नळी आपण तोंडात धरायची, हे बायकोला काही पटत नाही. शिवाय धाकटीचा चेहरा एवढासा, मोठ्यांचा मास्क घातला की कडेने पाणी आत येणारच. (माझ्या मिश्यांचंही तेच!) मला चष्मा आहे, तर नंबरवाला मास्क भाड्याने मिळतो का? मास्क-नळी आपली आणि फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख), लाइफ जॅकेट त्यांचं, असं माझं मत होतंय. म्हापसा-पणजीत लहान मुलांच्या मापाचा, सिलिकॉनच्या कडेचा मास्क दुकानात घालून बघता येईल का? न बघता ऑनलाइन मागवायला धीर होत नाही.