विषय: गावाकडच्या गाडीची चाबी

मंडळी, नमस्कार.

परवा आमच्या बाबांची पिशवी गाडीतून गेली. दर्यापूर तालुक्यातल्या एका जिनिंगवर कापूस घेऊन गेले होते. ट्रॅक्टर काट्यावर, गाडी बाहेर कडुलिंबाखाली. एक पोरगा आला, म्हणे, "काकाजी, तेल गळून राह्यलं तुमच्या गाडीतून." बाबा उतरले, बॉनेट उघडून वाकले. खरंच खाली काळं तेल सांडलेलं होतं, फक्त ते गाडीतलं नव्हतं. तेवढ्यात मागचं दार उघडून दुसऱ्यानं पिशवी नेली. आदल्या खेपेचे पैसे, पासबुक, काटापट्टी, सगळं त्यात.

मला जास्त धक्का पुढच्या वाक्याचा बसला. "चाबी तं गाडीलेच लागून होती." म्हणजे पोरांनी मनात आणलं असतं तर गाडीही गेली असती! घरीही तेच. अंगणात गाडी उभी, चाबी आतच. काही बोललं की उत्तर ठरलेलं: "साऱ्या गावाले माईत हाय, गाडी कोनाची थे." इथून फोनवर काय समजावू? कुणी काही लावलंय का गाडीला?

– दर्यापूरकर, ह्यूस्टन

*

दादा, टोरंटोत आमच्या गल्लीतून दोन गाड्या गेल्या, काच न फोडता. घरातल्या स्मार्ट चाबीचा सिग्नल एक जण यंत्रानं दाराबाहेरून उचलतो, दुसरा गाडीपाशी पोचवतो. गाडीला वाटतं, मालक आला. मी चाबी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. डबा बंद करून गाडीजवळ जा आणि दार उघडून बघा. उघडलं, तर तो डबा चकल्यांनाच ठेवा.

काकांची गाडी मात्र फिरवायच्या चाबीची दिसते, तिला डब्याचा उपयोग नाही. स्टीअरिंगला लावायचा लोखंडी दांडा घेऊन द्या. लांबून दिसतो, हाच त्याचा गुण.

– यवतमाळची लेक

*

दर्यापूरकर, दांडा लावा, पण आधी कागद बघा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर पॉलिसीवरच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या हिशेबानं मिळतो, तोही एफआयआर आणि शोध लागला नसल्याचा पोलिसांचा अहवाल दिल्यावर. पिशवीचे पैसे त्यात कधीच धरत नाहीत.

आता खरी मेख. दाव्याच्या वेळी कंपनी गाडीच्या दोन्ही चाब्या मागते. एकच दिली की पहिला संशय मालकावर. चाबी गाडीतच होती असं निघालं, तर निष्काळजीपणा म्हणून दावा अडतो. गावाला माहीत आहे, हे तिथं चालत नाही. माझी उमेद अकोल्यात हेच दावे तपासण्यात गेली, म्हणून सांगतो.

आणि हो, नुसती काच फुटली तर दावा करण्याआधी हिशेब करा. एका वर्षाचा 20 टक्के, पुढे वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाणारा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्या काचेपायी जातो.

दुसरी चाबी आहे ना घरी?

– अकोलेकर काका, न्यू जर्सी

*

काका, तुमचा मेल वाचून उठलो आणि ड्रॉवर उघडला. दुसरी चाबी इथेच! मागच्या दिवाळीत गाडी मीच चालवत होतो, जीन्सच्या खिशात राहिली आणि ह्यूस्टनला आली. वर्षभर ती पासपोर्टखाली पडून आहे. बाबांनी दोनदा विचारलं होतं, मी म्हणालो होतो, तुमच्याच कपाटात पाहा.

नागपूरला कुणी जात असेल तर कळवा, पाकीट अगदी छोटं आहे. पॉलिसी पूर्ण निघाली, तेवढं बरं झालं. दांडा बाबांनी नाकारला. "बैलाले जू घालतेत तसं दिसते," म्हणाले. गाडी गोठ्यात ठेवायलाही नकार, तिथं उंदीर वायरी खातात. पण चाबी आता करदोड्याला बांधलीय. आईची तक्रार आहे की ते आंघोळीला बसले की गाडी कुणालाच काढता येत नाही.

– दर्यापूरकर