हलाल हवं तर घरीच बसायचं?

दापोलीची: काल इथे एकांनी लिहिलं, ‘हलालच खायचं तर परदेशात जाता कशाला? घरी बसा.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

अम्मीला घेऊन चीनमध्ये शिआनला गेले होते. हुई मुसलमानांच्या मोहल्ल्यात मागच्या बोळात एक खानावळ सापडली. तिथे यांगरौ पाओमो मागवलं, तर समोर रिकामा वाडगा आणि दोन घट्ट रोट आले. रोट आपणच कुस्करायचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. अम्मीचे तुकडे मोठे झाले, तर शेजारच्या आजोबांनी वाडगा ओढून तिला करून दाखवलं. मग वाडगा आत जातो आणि मटणाचा रस्सा, काचेसारख्या शेवया घालून परत येतो. सोबत गोड मुरवलेला लसूण. अम्मी म्हणाली, “हे तर आपलं भाकरी कुस्करून खाणं!” हलाल शोधलं नसतं तर त्या बोळात शिरलेच नसते.

खादाड_पुणेकर: तो मोहल्ला पर्यटकांनी भरलेला असतो, त्यात अनवट काय? जपानला जा. मिरिन नावाच्या स्वयंपाकातल्या गोड मसाल्यात अल्कोहोल, रामेनच्या म्हणजे त्यांच्या नूडल्सच्या रश्श्यात डुक्कर. मित्रापायी चार दिवस रामेनविना काढलेत मी.

दापोलीची: तोक्योत असाकुसाला हलाल रामेन मिळतं. कोबेला 1935 सालची मशीद आहे, तिला भारतीय व्यापाऱ्यांनीही पैसे दिले होते. तिच्या आसपास विचारायचं.

भटकी_वहिनी: आमच्या युरोप टूरला स्वयंपाकी सोबत होता. स्वित्झर्लंडमध्ये रोज वरणभात! अशा टूरवाल्यांना कुणी ‘घरी बसा’ म्हणत नाही.

ठाण्याचा_बाळ्या: वरणभातावर घसरू नका. माझे वडील 72 वर्षांचे, मधुमेही. तो भात होता म्हणून त्यांनी आल्प्समधलं युंगफ्राऊ शिखर पाहिलं.

भटकी_वहिनी: मग हिच्या अम्मीनेच काय घोडं मारलंय? आणि आम्ही काय पाहिलं? बस, भात, बस! फोंड्यू, म्हणजे तिथलं वितळवलेलं चीज, चाखायला मी एकटीच पळाले, तर तासभर सगळ्यांची बोलणी खाल्ली.

ठाण्याचा_बाळ्या: पन्नास माणसं तुमच्यासाठी थांबली असतील, बोलणारच!

खादाड_पुणेकर: मूळ मुद्द्यावर या. ‘घरी बसा’ हे चूकच, मान्य. पण ग्रुपने जाताना आधी सांगा. ऐनवेळी हॉटेलच्या दारातून सगळ्यांना परत फिरवायचं नाही.

दापोलीची: हे पटलं, आधी सांगायलाच हवं. चीनला जाणाऱ्यांसाठी: पाटीवर ‘छिंगझन’ची, म्हणजे चिनीतल्या ‘हलाल’ची, दोन अक्षरं शोधा. पहिल्याच्या डाव्या कडेला पाण्याचे तीन थेंब असतात.