मदत हवी आहे: ग्रामसभेच्या जंगलातला बांबू मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी बी.एस्सी. वानिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कार्यानुभवासाठी सध्या गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका गावात राहतेय. गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालाय आणि ग्रामसभेला आता जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचाय. समितीसोबत तो करणं हाच माझा प्रकल्प.

कॉलेजातल्या सरांना झाडांचा घेर, उंची, घनमीटर असे तक्ते हवेत. समितीतल्या काकांचा प्रश्न एकच: यंदा किती बांबू तोडला तर पुढच्या फेरीलाही तेवढाच मिळेल? मला काकांचा प्रश्न जास्त खरा वाटतो. इथला पैसा बांबू आणि तेंदूपत्त्यातून येतो, सागवान तोडायचं कुणाच्याच मनात नाही.

मी ०.१ हेक्टरचे चौकोनी प्लॉट (बाजू ३१.६२ मीटर) टाकायला घेतलेत. पण मानवेल (इथला बांबू) सगळीकडे सारखा नाही. नाल्याकाठी बेटाला बेट (बांबूचे झुबके) लागलंय, टेकाडावर औषधालाही नाही. मग सरासरीला अर्थ काय? शिवाय यंदाचे, गेल्या वर्षीचे आणि पक्के बांबू वेगळे मोजायचेत. सोबतच्या मावशी दुरूनच ओळखतात, मी अजून बुंध्याशी वाकून बघते.

प्लॉट कसे टाकू? तोडीचा आकडा कसा काढू?

*

रानवाट:

आधी मावशींना घेऊन नकाशावर पट्टे पाडा: नालाकाठ, उतार, टेकाड. प्लॉट प्रत्येक पट्ट्यात वेगळे आणि सरासरीही त्या पट्ट्यापुरतीच. टेकाडावर फार वेळ घालवू नका.

मानवेलाची तोड साधारण ३-४ वर्षांच्या फेरीने करतात. जंगलाचे तेवढे भाग करा आणि यंदाच्या भागाचाच हिशोब मांडा. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या बांबूला हात लावायचा नाही. पक्क्यांपैकीही बेट धरून ठेवण्यापुरते राखायचे. बऱ्याच ठिकाणी किमान ८ ठेवतात. उरले ते तोडीचे. कडेचे सोपे म्हणून तेच तोडत गेलं की बेट आत गुदमरतं, हे आराखड्यात ठळक लिहा. पावसाळ्यात तोड बंद.

ओळखायचं म्हणाल तर नव्या बांबूवर पांढरी भुकटी आणि पेरांवर खपल्या असतात. पक्का पिवळट पडतो, अंगावर डाग येतात.

*

जुनाखोडकर:

अगं, सरांचे तक्ते कॉलेजच्या अहवालाला जोड, आराखड्यात नको. आराखडा ग्रामसभेचा आहे, तो गावाला वाचता आला पाहिजे. आणि नुसते आकडे भरू नकोस, निर्णयही लिही. चंद्रपूरच्या पाचगावात ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात. तुमच्या गावाचं त्यावर काय म्हणणं आहे, विचारलंस का?

*

धागाकर्ती:

पट्ट्यांचं उद्याच करते. तेंदूचा विषय काढला की सभेत दोन तट पडतात, तो समितीवरच सोडतेय. पण एक राहिलं: नाल्यापलीकडच्या काही बेटांना फुलोरा आलाय. ती मोजणीत धरू का?

*

रानवाट:

नको, वेगळी नोंदवा. फुललेलं बेट वाळणारच. बी पडू द्या, मग तोडा. आणि तिथे निदान काही वर्षं गुरं सोडू नका, नाहीतर रोपं उरणार नाहीत.