'आम्ही कुठल्याच पंथाचे नाही' एवढं सांगून भागतं का?

भाट्ये_रत्नागिरी
नमस्कार. थोडं लांब लिहितोय, पटलं नाही तर खुशाल भांडा. आमच्या युवक सभेत एका मुलीने विचारलं की कॉलेजात मैत्रिणी विचारतात तू कॅथलिक की प्रोटेस्टंट, कुठल्या चर्चची, तर काय सांगू. तिला उत्तर मिळालं की सांग, आम्ही पंथबिंथ मानत नाही, आम्ही फक्त ख्रिस्ती, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, जी मंडळी (चर्च) सुरू झाली तीच आमची. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. मी याच नॉन-डिनॉमिनेशनल, म्हणजे कुठल्याच पंथाला न जोडलेल्या मंडळीत वाढलोय, जीव आहे माझा तिच्यात, म्हणूनच बोलतोय.

विश्वास काय ते आपण स्पष्ट सांगतो. देव एकच, पिता पुत्र पवित्र आत्मा. येशू आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, परत येणार आहे. तारण कृपेने, विश्वासाद्वारे. शेवटचा शब्द पवित्र शास्त्राचा. बाप्तिस्मा समजत्या वयात आणि बुडवून, आमच्याकडे भरती-ओहोटी बघून वेळ ठरते, कंबरभर पाण्यात पाळक आणि मंडळीचे एक वडील (ज्येष्ठ पुढारी) दोन्ही बाजूंनी धरतात आणि काठावर सगळी मंडळी गात उभी असते. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) दर रविवारी, त्या रसासाठी शनिवारी रात्री मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळून कुस्करून फडक्यातून गाळायच्या. वर बिशप नाही, सिनॉड नाही, मंडळीचे वडील मिळून ठरवतात.

पण ही पद्धत थेट यरुशलेमहून रत्नागिरीला नाही आली ना. १८०१ मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या केन रिजला मोठी जागृती झाली, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट उपदेशक एकाच मैदानात प्रचार करत होते. तिथला पाळक बार्टन स्टोन. त्याने आणि सोबत्यांनी १८०४ मध्ये स्वतःचीच प्रेस्बिटरी (मंडळ्यांवरची प्रेस्बिटेरियन समिती) मोडली आणि तिचं मृत्युपत्र लिहिलं, की ही संस्था मरो आणि ख्रिस्ताच्या शरीरात मिसळून जावो. दुसरीकडे आयर्लंडहून आलेला थॉमस कॅम्पबेल, त्याने १८०९ मध्ये लिहिलं की पृथ्वीवर ख्रिस्ताची मंडळी मुळात एकच आहे. १८३२ मध्ये लेक्सिंग्टनला दोन्ही गट एकत्र आले. दर रविवारचं प्रभुभोजन, स्वतंत्र मंडळ्या, माणसांनी लिहिलेला मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) नको, हे वळण त्यांचं. सगळ्याच स्वतंत्र मंडळ्या यातून नाही आल्या, काहींची मुळं ब्रदरेनमध्ये, काहींची पेन्टेकॉस्टल चळवळीत, पण आमची याच वळणाची. मग पोरांना सांगायला संकोच कसला?

फक्त_वचन_दापोली
भाऊ, जय ख्रिस्त. अजिबात पटलं नाही. आज तुम्ही स्टोन आणि कॅम्पबेल शिकवाल, उद्या भिंतीवर त्यांचे फोटो लागतील आणि परवा आपण कॅम्पबेलवाले. त्या माणसांनाच ते नको होतं. बिरुयाच्या लोकांनी पौलाचंसुद्धा ऐकून घेतलं आणि मग रोज शास्त्र उघडून तपासून पाहिलं, आपण तेच करायचं. आमची मंडळी एका घरातल्या प्रार्थनेतून उभी राहिली, कुठलं मिशन नाही, परदेशातून पैसा नाही, शेजारपाजारचे लोक, त्यातले निम्मे मासळीच्या धंद्यातले, पहाटेची प्रार्थना करून बंदरावर जाणारे. त्यांनी बायबल वाचलं आणि विश्वास ठेवला. त्यांना केंटकीशी काय घेणंदेणं?

वेंगुर्ले_ताई
मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, माहेरी सासरी दोन्हीकडे. भाट्येवाल्या दादाचं अर्धं पटलं, पण दादा, मग तुम्ही पंथच झालात की! ठरलेल्या शिकवणी आहेत, ठरलेली पद्धत आहे, २०० वर्षांचा इतिहास आहे, फक्त पाटी लावत नाही. करिंथकरांस पहिलं पत्र काढून बघा, पहिलाच अध्याय. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, आणि चौथा म्हणतो मी ख्रिस्ताचा. पौल त्या चौथ्यालाही त्याच रांगेत धरतो. 'आम्ही फक्त ख्रिस्ती' म्हणताना समोरच्याला ऐकू येतं की मग आम्ही कोण, अर्धे ख्रिस्ती?

आणि एकीचंच बोलायचं तर आमच्याकडे ती प्रत्यक्षात झालीय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, अँग्लिकन, मग प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोघांची १९२४ पासूनच एक असलेली मंडळी, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, चर्च ऑफ द ब्रदरेन, आणि ऐका, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट सुद्धा. म्हणजे तुमच्या त्या कॅम्पबेलच्या घरातले लोक. ते आमच्यासोबत बसले आणि मतांगीकार म्हणतात. त्यांनी काही गमावलं असं मला नाही वाटत.

भाट्ये_रत्नागिरी
ताई, करिंथचा मुद्दा लागला मनाला, आणि तो बरोबर आहे. त्या चळवळीत एक जुनं वाक्य होतं, आम्ही फक्त ख्रिस्ती, पण फक्त आम्हीच ख्रिस्ती नाही. आमच्याकडे पहिला अर्धा भाग ऐकू येतो, दुसरा येत नाही. म्हणून तर इतिहास शिकवायचा, तो माणसाला नम्र करतो.

दापोलीकर भाऊ, तुमच्या हातातलं मराठी बायबल आभाळातून नाही पडलं. १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठी नवा करार छापला, तो बॅप्टिस्ट होता आणि त्याच्यासोबत मराठी पंडित होते. तुमच्याच किनाऱ्यावर, बाणकोट आणि हर्णैला, १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी येऊन राहिले. आणि तुम्ही अभंग गाता ना उपासनेत? ते टिळकांचे. नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे झाले आणि देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले दोघांना त्यात जागा. पंथाच्या भिंतींबाहेरचा ख्रिस्त कोकणच्या माणसाने मराठीत मांडला, हा वारसा नाही तर काय?

फक्त_वचन_दापोली
टिळकांचे अभंग गातो, मनापासून गातो. पण बाप्तिस्मा न झालेल्यांना शिष्य म्हणायचं हे मला शास्त्रात दिसत नाही, आणि तुमच्या मंडळीतही चालणार नाही. तुम्हाला जो भाग आवडतो तेवढाच वारसा म्हणून उचलताय.

रेवदंडा_कोर्लई
मी कॅथलिक, आमच्या गावात पोर्तुगीज काळापासून हा विश्वास आहे, आजी अजून घरात पोर्तुगीजमिश्रित बोलीत प्रार्थना म्हणते. एक प्रश्न दापोलीच्या भावाला, वाद म्हणून नाही. फक्त बायबल म्हणता, तर नव्या करारात २७च पुस्तकं हे कुठल्या वचनात लिहिलंय? हीच २७ नावं अथानासियस बिशपाच्या ३६७ सालच्या पत्रात येतात. ती यादी चर्चने प्रार्थना करत, वाद घालत, पिढ्यानपिढ्या सांभाळली. परंपरा नको म्हणणाऱ्याच्या मांडीवरचं पुस्तक परंपरेनेच त्याच्यापर्यंत आणलंय.

फक्त_वचन_दापोली
चर्चने पुस्तकं ओळखली, घडवली नाहीत. सोनार सोनं पारखतो, तयार करत नाही. यावर मी ठाम आहे.

चिपळूण_खाडी
तुमचं सगळं वाचलं. मी स्वतंत्र मंडळीतलाच, पण मला रोजची अडचण बोलायचीय. माझे काका गेले तेव्हा जवळच्या एका मंडळीने दफनभूमीत जागा द्यायला नकार दिला, कारण आमचं नाव त्यांच्या रजिस्टरमध्ये नाही. पावसाचे दिवस, घरात मयत, आणि आम्ही फोन करत बसलो, शेवटी लांबच्या गावात नेलं. लग्नाचंही तेच, १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, आमच्यासारख्या मंडळीच्या पाळकाला लग्न लावायला सरकारी लायसन्स लागतं, ते नसेल तर रजिस्ट्रारकडे जा नाहीतर दुसऱ्या चर्चला विनंती करा. कुणाचे नाही म्हणणं सोपं आहे, पण मरणाला आणि लग्नाला कुणाचे तरी असावं लागतं.

वेंगुर्ले_ताई
दादा, फार वाईट झालं. मयताला जागा नाकारणं हे कुठल्याच मंडळीला शोभत नाही, आमच्याही नाही. पण आमचीही एक जखम आहे. माझ्या भाच्याचा लहानपणी बाप्तिस्मा झालेला, वेदीसमोर, आईबाबांनी वचन दिलेलं. लग्नानंतर तो एका स्वतंत्र मंडळीत गेला तर सांगितलं की तो बाप्तिस्मा धरत नाही, परत घे. ताईला, त्याच्या आईला, वाटलं तिने त्याच्यासाठी जे केलं ते सगळं खोटं ठरवलं. दफनभूमीत आपलं म्हणा म्हणता, तर आमचा बाप्तिस्माही आपला म्हणा.

भाट्ये_रत्नागिरी
ताई, इथे मी नाही हलू शकत. थॉमसचा मुलगा अलेक्झांडर कॅम्पबेल, त्याला हाच प्रश्न स्वतःच्या घरात पडला. १८१२ मध्ये त्याला मुलगी झाली, तिला बाप्तिस्मा द्यायचा का म्हणून तो शास्त्र शोधत बसला आणि शेवटी स्वतःच मोठ्या वयात बुडवून बाप्तिस्मा घेतला. माझा विश्वासही तोच आहे, आधी विश्वास मग पाणी. पण तुमच्या भाच्याच्या आईचा विश्वास खोटा होता असं कुणी म्हटलं असेल तर ते चुकीचं आहे, आणि हे मी आमच्या मंडळीच्या वडिलांसमोर बोलेन.

रेवदंडा_कोर्लई
आणि इतिहास शिकवणार असाल तर पुढचाही शिकवा. १९०६ च्या अमेरिकन धर्मगणनेत याच चळवळीतले चर्चेस ऑफ ख्राइस्ट आणि डिसायपल्स वेगवेगळे नोंदले गेले ना? वाद्यं वाजवायची की नाही, मिशनरी सोसायट्या असाव्यात की नाही यावरून. एकीसाठी निघालेले लोकसुद्धा फुटले.

भाट्ये_रत्नागिरी
हो, तेही शिकवायचं. पुढच्या सभेसाठी मराठीत दोन पानं लिहितोय, त्यात केन रिजही येईल, १९०६ ही येईल, टिळकही, आणि दफनभूमीचा विषय वडिलांच्या बैठकीत घेतोय. चिपळूणच्या दादा, तुमच्या तालुक्यातल्या स्वतंत्र मंडळ्या मिळून जागेसाठी अर्ज करणार असतील तर आमची मंडळी सही करेल.

वेंगुर्ले_ताई
लिहा. पाठवा मला, आमच्या महिला मंडळात वाचेन. बाप्तिस्म्याचं पान आलं की मी परत भांडायला येणार.