परस्पर गेलेलं डायरेक्ट डेबिट: पैसे बँकेने द्यायचे की आपण कंपनीच्या दारात बसायचं?

तिरकस_तात्या
डायरेक्ट डेबिट म्हणजे आपल्या परवानगीने कंपनीने आपल्या खात्यातून थेट पैसे काढणं. काल इथे एका शहाण्याने लिहिलं, "डायरेक्ट डेबिट चुकीचं गेलं तर कंपनीला फोन करा, बँकेचा काय दोष? स्टेटमेंट न बघणाऱ्यांना अद्दल घडायलाच हवी." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

अहो, ब्रिटनमध्ये डायरेक्ट डेबिट गॅरंटी नावाची चीज आहे. चूक कंपनीची असो वा बँकेची, पैसे तुमच्या बँकेने द्यायचे, पूर्ण आणि लगेच. मग बँक ते कंपनीकडून वसूल करेल, नाहीतर बोंबलत बसेल. माझे ३८ पौंड ओळीने तीन महिने गेले, ज्या मोबाइल कंपनीचं सिमही माझ्याकडे नाही तिच्या नावाने. बँकेतली मुलगी म्हणे, "त्यांच्याशीच बोला." मी म्हटलं, "इंडेम्निटी क्लेम टाका," म्हणजे या गॅरंटीखाली परताव्याचा दावा. पलीकडे चिडीचूप. मग चार मिनिटं होल्डवर पियानो. परत आली ती एकदम 'सर, सर' करत. संध्याकाळी ११४ पौंड जमा. हे दोन शब्द ठाऊक नसते तर अजून पियानोच ऐकत असतो.

रोखठोक
तो शहाणा मीच. नाव घ्यायला लाजता कशाला? अर्धी मंडळी जिमची मेंबरशिप मोडायचा कंटाळा करतात आणि वर्षाने गॅरंटी नाचवून सगळे पैसे परत घेतात. बँक देतेही. पण करार शिल्लक असेल तर देणं फिटत नाही, मग वसुलीवाल्यांची पत्रं आली की इथेच रडगाणं. हे का नाही लिहिलंत?

मृणाल_उवाच
कंटाळा? सातव्या महिन्यात होते मी. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ईमेल केला, तर जिमवाले म्हणे "सहीचं पत्र पोस्टाने पाठवा." आणि माझं डायरेक्ट डेबिट नव्हतंच, कार्डावर लावलेलं. त्याला ही गॅरंटी नाही, मान्य. पण असं पेमेंट आपण थेट बँकेला सांगून थांबवू शकतो, हे बँकेनेच मला सांगितलं नाही!

रोखठोक
बारा महिन्यांच्या करारावर सही करताना कोणी हात धरला होता?

मृणाल_उवाच
तुम्ही कधी जिमची पायरी चढला आहात का? फोटोवरून वाटत नाही.

जुना_खातेदार
आमच्या गावातली शाखाच बंद केली हो. पूर्वी काउंटरवरचा माणूस ओळखायचा, असलं काही झालंच नसतं.

तिरकस_तात्या
काका, ते ठीक, पण विषय काय! आणि रोखठोक, 'अद्दल' कोणाला घडवताय? २००७ च्या नोव्हेंबरात उघड झालं की करखात्याने अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या दोन डिस्क हरवल्या. टीव्हीवरच्या जेरेमी क्लार्कसनने 'उगाच बोभाटा' म्हणत पेपरात स्वतःचा खाते नंबर आणि सॉर्ट कोड (बँकेच्या शाखेचा नंबर) छापला, म्हणे फार तर कोणी पैसे जमा करेल. कोणीतरी त्याच्या नावे डायबिटीस यूकेला ५०० पौंडांचं डायरेक्ट डेबिट लावून दिलं. सही नाही, पिन नाही. स्टेटमेंट बघूनच कळलं त्याला, पण तोवर पैसे गेलेच होते ना?

रोखठोक
बरं बाबा, क्लार्कसनच्या पंक्तीला बसवलंत, उपकार झाले. ज्याने मुळात परवानगीच दिली नाही, त्याला बँकेने द्यावेत. पण तेरा महिन्यांच्या आत कळवलं तरच.

तिरकस_तात्या
तेरा महिने २०१७ च्या पेमेंटविषयक सरकारी नियमांतले. गॅरंटीला मुदत नाही. बँकवाले मुद्दाम दोन्हींची खिचडी करतात आणि तुम्ही ती वाढता. बँकेचं अंतिम उत्तर नकाराचं आलं तर सहा महिन्यांत ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लवादाकडे जा, फी शून्य.

रोखठोक
मुदतीचं बघतो. जिमचं मात्र मागे घेत नाही.

तिरकस_तात्या
जिमचा वेगळा धागा काढा रे कोणीतरी.

मृणाल_उवाच
काढते. आधी पोस्टात जाऊन येते, सहीचं पत्र हवंय मेल्यांना. बाळ आता पाच महिन्यांचं आहे.